ह्यूस्टन, हेक्टर आणि उलिथी: युद्धकाळात बांधलेल्या एका दुरुस्तीनौकेचे प्रकरण

प्रकरणाचा विषय

ऑक्टोबर १९४४ मध्ये फोर्मोसाच्या, म्हणजे आजच्या तैवानच्या, पूर्वेकडील समुद्रात अमेरिकी नौदलाच्या ह्यूस्टन या हलक्या क्रूझरला दोन दिवसांच्या अंतराने दोन टॉर्पेडो लागले. तिच्या पोटात सुमारे ६,३०० टन पाणी भरले, इंजिने बंद पडली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. सर्वांत जवळचा अमेरिकी तळ सुमारे १,३०० मैलांवर होता, आणि त्या तळावर किनाऱ्यावरची एकही गोदी नव्हती. तरीही ती नौका बुडाली नाही. १३ दिवसांनी ती पॅसिफिकमधील उलिथीच्या प्रवाळवलयात पोचली, हेक्टर नावाच्या दुरुस्तीनौकेशेजारी उभी राहिली आणि पाच महिन्यांच्या आत स्वतःच्या इंजिनांवर न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत दाखल झाली.

हे प्रकरण बहुधा शौर्यकथा म्हणून सांगितले जाते, आणि त्या शौर्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. इथे मात्र ते देखभाल आणि दुरुस्तीच्या अंगाने मांडले आहे. माझे म्हणणे असे की, ह्यूस्टनला वाचवण्याचा निर्णय समुद्रावर त्या एका रात्री घेतला गेला असला, तरी तो घेता येण्याजोगा झाला तो तीन-चार वर्षे आधी, दुरुस्तीनौका बांधायला घेतल्या गेल्या तेव्हा. ओढून नेण्यासाठी जागाच नसेल, तर दोर बांधण्याला अर्थ उरत नाही. या मांडणीत वरिष्ठ सेनानी आणि नौका यांची नावे दिली आहेत. बाकीच्यांचा उल्लेख हुद्द्याने केला आहे.

पार्श्वभूमी

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अमेरिकी नौदलाकडे मोठ्या दुरुस्तीनौका मोजक्याच होत्या. १९२४ मध्ये सेवेत आलेली मेडूसा ही त्यांतली खास त्याच कामासाठी बांधलेली नौका. बाकीच्या जुन्या होत्या, किंवा दुसऱ्या कामासाठी बांधून नंतर बदललेल्या. पॅसिफिकमध्ये युद्ध झालेच, तर ते पर्ल हार्बरपासून हजारो मैल पुढे लढावे लागेल हे नौदलाच्या आखणीकारांना ठाऊक होते. तेवढ्या अंतरावरून प्रत्येक जायबंदी जहाज परत आणायचे म्हटले, तर लढाई न हरताच ताफा निम्मा होण्याची भीती होती. व्हल्कन वर्गातील चार दुरुस्तीनौका बांधण्यामागे हाच हिशेब होता. व्हल्कन स्वतः जून १९४१ मध्ये सेवेत आली. एजॅक्स ऑक्टोबर १९४३ मध्ये, हेक्टर ७ फेब्रुवारी १९४४ रोजी आणि जेसन त्याच वर्षीच्या जूनमध्ये. शेवटच्या तिन्ही नौका कॅलिफोर्नियातील सॅन पेद्रो येथे बांधल्या गेल्या.

हेक्टरची लांबी ५२९ फूट आणि पूर्ण भारासह वजन १६,००० टनांच्या वर. वजनात ती ह्यूस्टनपेक्षाही भारी होती, पण तिचे पोट तोफांनी भरलेले नसून कारखान्यांनी भरलेले होते. ओतशाळा, लोहारखाना, साचे करण्याचे सुतारघर, लेथ आणि मिलिंग यंत्रांची मोठी शाळा, नळकाम आणि तांबटकाम, विजेच्या मोटारी पुन्हा गुंडाळण्याची जागा, दुर्बिणी आणि नेमदर्शके दुरुस्त करण्याची धूळमुक्त खोली, शिवाय पाण्याखाली उतरून काम करणाऱ्या माणसांचे, म्हणजे पाणबुड्यांचे, पथक आणि जड ओझी उचलणाऱ्या क्रेन. हजाराहून अधिक माणसे तिच्यावर राहत, आणि त्यांतल्या बहुतेकांची लढाई म्हणजे रोजची पाळी भरणे हीच होती. कागदावर ही यादी वाचताना एखादी लहानशी औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते, आणि ते चूक नाही.

चार नौकांनी भागणार नव्हते. युद्ध पेटल्यावर मालवाहू लिबर्टी जहाजांच्या सांगाड्यांवर दुरुस्तीनौका उभ्या केल्या गेल्या, आणि रणगाडे उतरवणाऱ्या नौकांच्या सांगाड्यांतून लहान होड्यांची दुरुस्ती करणाऱ्या अॅकेलोअस वर्गाच्या नौका निघाल्या. ब्रिटिशांनीही कॅनडात व्हँकूव्हर येथे मालवाहू जहाजांच्या आराखड्यावर बीची हेड आणि तिच्या भगिनी नौका बांधून घेतल्या. एक बारीक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. ह्यूस्टन आणि हेक्टर या दोघींची बांधणी १९४१ च्या उन्हाळ्यातच, पर्ल हार्बरच्या हल्ल्याआधी, सुरू झाली होती. ह्यूस्टनचे मूळ नाव व्हिक्सबर्ग. मार्च १९४२ मध्ये सुंदा सामुद्रधुनीत जुनी ह्यूस्टन बुडाल्यावर ह्यूस्टन शहरातील नागरिकांनी युद्धरोख्यांसाठी पैसा उभा केला आणि बांधणीत असलेल्या नौकेला ते नाव मिळाले. नव्या लढाऊ नौकेसाठी शहर वर्गणी देते. हेक्टरसारख्या नौकेसाठी तसे कुणी पुढे येत नाही, आणि म्हणून तिच्यासाठी पोलाद, जागा आणि कारागीर राखून ठेवणे हे आखणी करणाऱ्यांच्या निग्रहावरच अवलंबून असते.

दुसरी बाजू संघटनेची. जानेवारी १९४४ मध्ये कमोडोर वोरल कार्टर यांच्या हाताखाली सेवा-ताफा क्रमांक १० उभा राहिला. दुरुस्तीनौका, इंधननौका, दारूगोळ्याची जहाजे, टग (इतर जहाजे ओढणाऱ्या दणकट नौका), तरंगत्या गोद्या असा हा सगळा परिवार लढाऊ ताफ्याच्या मागोमाग सरकत राहायचा: आधी माजुरो, मग एनिवेटोक, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये उलिथी. उलिथी ही कॅरोलाइन बेटांतील प्रवाळवलयाने वेढलेली, सुमारे २० मैल लांबीची शांत पाण्याची जागा. जपान्यांनी ती सोडून दिलेली होती आणि २३ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी सैन्य तिथे विनाप्रतिकार उतरले. शेकडो जहाजे नांगरता येतील एवढी जागा, पर्ल हार्बरपासून साडेतीन हजारांहून अधिक सागरी मैलांवर. जहाज दुरुस्त करायचे तर ते पाण्यावरच, कारण बेटांवर त्यासाठी काहीही नव्हते.

समस्या कशी उभी राहिली

ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधील लेइटे बेटावर उतरण्याची तयारी चालू होती. त्याआधी फोर्मोसावरील विमानतळ निकामी करण्यासाठी अॅडमिरल विल्यम हॅल्सी यांचा तिसरा ताफा त्या किनाऱ्याच्या जवळ गेला. १३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी जपानी विमानांनी टाकलेला टॉर्पेडो कॅनबेरा या जड क्रूझरला लागला. २३ माणसे ठार झाली, यंत्रखोल्यांत सुमारे ४,५०० टन पाणी शिरले आणि शत्रूच्या किनाऱ्यापासून जेमतेम ९० मैलांवर ती निश्चल झाली. विचिटा या क्रूझरने तिला ओढायला सुरुवात केली.

कॅनबेरा जायबंदी झाल्यावर त्या गटात भर म्हणून आणलेल्या नौकांपैकी ह्यूस्टन एक होती. १४ तारखेच्या संध्याकाळी तिलाही टॉर्पेडो लागला. त्या क्षणी ती वळण घेत असल्याने कललेली होती, त्यामुळे स्फोट बाजूच्या चिलखती भागावर न होता तळाच्या जवळ, यंत्रखोलीखाली झाला. क्रूझरच्या बांधणीत हीच सर्वांत हळवी जागा. सर्व मुख्य यंत्रखोल्या आणि बॉयलरखोल्या पाण्याखाली गेल्या, वीज गेली, नौका उजवीकडे एवढी कलली की मोठ्या लाटेत डेकची कड बुडू लागली. तळाचा कणाच तुटला असावा असे वाटून कप्तान डब्ल्यू. डब्ल्यू. बेहरेन्स यांनी आधी नौका सोडण्याचा आदेश दिला. नंतर नुकसान-नियंत्रण अधिकाऱ्याने पाहणी करून ती वाचण्याची शक्यता आहे असे सांगितल्यावर त्यांनी तो बदलला, शेकडो खलाशी विनाशिकांवर उतरवले आणि बॉस्टन या क्रूझरकडे दोर मागितला. हे सारे अंधारात, खवळलेल्या समुद्रात आणि शत्रूच्या विमानांच्या पल्ल्यात चालले होते.

पहिला निर्णय: बुडवायची की ओढायची

हॅल्सी यांच्यापुढे पर्याय उघड होते. दोन्ही क्रूझर स्वतःच बुडवून ताफा मोकळा करायचा; किंवा दोन्ही ओढून न्यायच्या, म्हणजे चार-पाच मैलांच्या वेगाने सरकणाऱ्या दोन निश्चल लक्ष्यांभोवती क्रूझर, विनाशिका आणि विमानवाहू नौका दिवसचे दिवस अडकवून ठेवायच्या. लेइटेवर उतरण्याचा दिवस २० ऑक्टोबर ठरलेला होता, आणि त्या आठवड्यात प्रत्येक विमानवाहू नौकेची गरज होती.

पहिल्या पर्यायाच्या बाजूने बरेच बोलता येते. जायबंदी नौकेसाठी धडधाकट नौका गमावणे हे कोणत्याही सेनानीला परवडणारे नसते, आणि १३ तारखेला कॅनबेराच्या बाबतीत ओढण्याचा निर्णय झाला तेव्हा तो धाडसी वाटला असणार. पण ह्यूस्टनच्या बाबतीत हिशेब वेगळा झाला होता, हे या प्रकरणाच्या चर्चेत पुरेसे लक्षात घेतले जात नाही. कॅनबेरासाठी संरक्षणाची कडी आधीच मागे ठेवलेली होती. त्याच कडीत आणखी एक नौका ओढण्याचा वाढीव खर्च पहिल्या निर्णयापेक्षा कितीतरी कमी होता. धोका मात्र तेवढाच कमी होत नव्हता, कारण दोन मंद लक्ष्ये एकाच ठिकाणी दिसल्यावर हल्ल्याचा मोहही वाढतो.

नेमक्या त्याच दिवसांत टोकियो रेडिओ अमेरिकी ताफा नष्ट झाल्याच्या बातम्या देत होता. जपानी आरमार उरलेले तुकडे गोळा करायला बाहेर पडेल, तर पांगळ्या नौकांची ही रांग आमिष म्हणून वापरता येईल असा विचार हॅल्सी यांनी केला, आणि कॅबट आणि काउपेन्स या दोन हलक्या विमानवाहू नौका संरक्षणाला राहिल्या. आमिषाचा डाव फारसा साधला नाही. या डावामुळे ओढण्याच्या निर्णयाला लष्करी कारण मिळाले, हे मात्र खरे.

माझ्या मते निर्णय बरोबर होता, पण त्याला एक पूर्वअट होती आणि ती पूर्ण झालेली होती. म्यून्सी आणि पॉनी हे दोन समुद्री टग ताफ्याच्या हाताशी होते. १६ तारखेपर्यंत पॉनीने बॉस्टनकडून ह्यूस्टनचा दोर घेतला आणि लढाऊ क्रूझर मोकळी झाली. टग मागच्या तळावरच ठेवले असते, तर बॉस्टन आणि विचिटा आणखी कित्येक दिवस त्याच कामाला जुंपलेल्या राहिल्या असत्या, आणि मग बुडवण्याचा पर्यायच शहाणपणाचा ठरला असता.

दुसरा टॉर्पेडो

१६ ऑक्टोबरच्या दुपारी जपानी विमानांची मोठी तुकडी आली. कॅबट आणि काउपेन्सच्या विमानांनी तिची बरीचशी वाताहत केली, तरी त्यांतून निसटलेल्या एका विमानाचा टॉर्पेडो ह्यूस्टनच्या पिछाडीला उजव्या बाजूला लागला. तिथे समुद्री विमानांसाठीचा हँगर आणि विमानाच्या पेट्रोलची साठवण होती. पेट्रोल पेटले, हँगर पाण्याने भरू लागला आणि माणसे समुद्रात फेकली गेली. ओढणारा पॉनी हा टग दोर तोडून बाजूला होऊ शकला असता. त्याने दोर सोडला नाही, उलट आम्ही तुमच्यासोबत आहोत असा संदेश दिला. कप्तानाने आणखी माणसे उतरवली आणि थोडीच मंडळी नौकेवर ठेवली.

यानंतरचे दहा-अकरा दिवस ज्या कामावर निभावले, ते चित्रात फारसे दिसत नाही. भरलेल्या आणि कोरड्या खोलीच्या मधली पोलादी भिंत पाण्याच्या दाबाने आत फुगते. तिच्यामागे लाकडी तुळयांचे टेकू लावतात आणि टेकूच्या बुडाशी पाचरी ठोकतात. नौका लाटेवर चढली-उतरली की भिंत थोडी मागे-पुढे होते, पाचर सैल पडते आणि ती पुन्हा ठोकावी लागते. वीज नाही, तेव्हा हे काम हातातल्या दिव्यावर, गुडघाभर तेलमिश्रित पाण्यात, चोवीस तास चालते. शिवाय अर्धवट भरलेल्या खोलीतले पाणी नौका कलेल त्या बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. पूर्ण भरलेल्या खोलीपेक्षा अर्धी भरलेली खोली स्थिरतेला जास्त घातक असते, म्हणून कोणती खोली उपसायची, कोणती तशीच भरलेली ठेवायची आणि कोणते वजन समुद्रात फेकायचे याचा क्रम चुकला की उपसा करता करताच नौका पालथी होऊ शकते. ह्यूस्टनवर हा क्रम चुकला नाही. २७ ऑक्टोबर रोजी, नंतरच्या टप्प्यात झुनी या टगचीही मदत घेऊन, ती उलिथीत आली.

उलिथीत: दुरुस्तीनौकेपुढचा प्रश्न

एवढी मोठी नौका आता हेक्टरच्या हाती आली होती, आणि तिचे नेमके काय करायचे हे ठरवायचे होते. या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा टप्पा मला हा वाटतो.

पूर्ण दुरुस्ती उलिथीत अशक्य होती. तळाची मोठी फळी बदलायची तर नौका पाण्याबाहेर उचलावी लागते, आणि दुरुस्तीनौका कितीही सज्ज असली तरी ती शेजारच्या नौकेला उचलू शकत नाही. मोठ्या तरंगत्या गोद्या तेव्हा अॅडमिरल्टी बेटांतील मानस इथे होत्या. ते अंतर आठशेहून अधिक सागरी मैल. अशा गोदीचे तुकडे वेगवेगळे ओढून आणायचे, जाग्यावर जोडायचे आणि त्यात युद्धनौका उचलायची, ही रचना या युद्धातच प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरात आली. पण ज्या अवस्थेत ह्यूस्टन आली, त्या अवस्थेत तिला पुन्हा खुल्या समुद्रात ओढणे म्हणजे आतापर्यंत मिळवलेले सारे पणाला लावणे होते.

म्हणून काम तीन ठिकाणी वाटले गेले. उलिथीत हेक्टरने नौका तरंगत राहील, वाकणार नाही आणि पुढच्या प्रवासाला टिकेल एवढे करायचे. मानसच्या तरंगत्या गोदीत तळ बंद करून घरापर्यंत जाण्याजोगी करायची. आणि खरी पुनर्बांधणी अमेरिकेतल्या गोदीत. वाचताना हे सहज सुचण्यासारखे वाटते. प्रत्यक्षात चांगल्या कारागिराला अर्धे काम सोडणे जड जाते. समोर फाटलेली यंत्रखोली आहे, हाताशी लेथ आहे, ओतशाळा आहे, आणि तरी म्हणायचे की हे आपले काम नाही, आपण फक्त पाणी बाहेर काढून भिंती मजबूत करायच्या. दुरुस्तीनौकेचा खरा कस कुठे थांबायचे हे ठरवण्यात लागतो.

१ नोव्हेंबर १९४४ च्या छायाचित्रात ह्यूस्टन हेक्टरच्या बाजूला लागलेली दिसते. अशा कामाची रीत अशी: आधी दुरुस्तीनौकेवरून वीज, हवा आणि वाफ जखमी नौकेला दिली जाते, म्हणजे तिच्यावर पुन्हा दिवे लागतात आणि पंप चालू शकतात. पाणबुडे खाली जाऊन भोकाची कड चाचपतात, फाटलेल्या पत्र्याची वळलेली टोके पाण्याखालील कटिंग-ज्योतीने कापतात आणि मापे घेऊन वर येतात. लहान भोके लाकडी किंवा पोलादी ठिगळाने बंद करून, हुकाच्या बोल्टने आवळून, खोली उपसली जाते. मोठ्या भोकांच्या खोल्या तशाच समुद्राला उघड्या ठेवून त्यांच्या भोवतालच्या भिंती मजबूत केल्या जातात. तळाने आपली ताकद गमावली असेल, तर नौकेची लांबीभर वाकण्याची सारी ओढ वरच्या डेकवर येते, म्हणून डेकवर आणि बाजूंवर जाड पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात. हे काम दिसायला साधे आहे, पण पुढचे आठशे मैल नौका एकसंध राहील की नाही हे त्यावरच ठरते.

आणि खोल्या उपसल्या जातात तेव्हा त्यांत अडकलेली माणसे सापडतात. यंत्रखोल्यांतून बाहेर पडू न शकलेल्या खलाशांना बाहेर काढणे आणि त्यांचे अंत्यसंस्कार करणे हेही त्याच कामाचा भाग होते. दुरुस्तीनौकांच्या नोंदींत या गोष्टीला एखादी ओळ मिळते. ज्यांनी ते केले त्यांच्यासाठी ते एका ओळीचे नव्हते.

तळ सुरक्षित होता असेही म्हणता येत नाही. २० नोव्हेंबर १९४४ रोजी, ह्यूस्टन उलिथीतच असताना, जपानी कैतेन या मानवचलित टॉर्पेडोने त्याच नांगरवाड्यात मिसिसिनेवा ही इंधननौका बुडवली आणि ६३ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे सरकवलेल्या दुरुस्ती-तळाची ही किंमत असते. तो जेवढा उपयोगी, तेवढा शत्रूच्या जवळ.

परिणाम

सात आठवड्यांच्या तात्पुरत्या कामानंतर ह्यूस्टन उलिथीहून निघाली आणि २० डिसेंबर १९४४ रोजी मानसला पोचली. तिथून पुढे ती स्वतःच्या इंजिनांवर निघाली आणि २४ मार्च १९४५ रोजी न्यूयॉर्क नौदल गोदीत दाखल झाली. कॅनबेराही उलिथी आणि मानसमार्गे बॉस्टनच्या नौदल गोदीत गेली. दरम्यान ३ नोव्हेंबरला टॉर्पेडो लागलेली रीनो ही क्रूझरही १,५०० मैल ओढून उलिथीला आणली गेली, तिच्यावरही हेक्टरनेच काम केले आणि तीही अमेरिकेत पोचली. महिन्याभरात तीन क्रूझर बुडण्याच्या काठावरून परत आल्या.

ह्यूस्टनची दुरुस्ती युद्ध संपेपर्यंत पुरी झाली नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये ती पुन्हा समुद्रात उतरली, डिसेंबर १९४७ मध्ये सेवेतून काढली गेली आणि १९५९ मध्ये नौदलाच्या यादीतून वगळली गेली. त्या युद्धात तिने पुन्हा एकही तोफ डागली नाही. हेक्टरचे आयुष्य कितीतरी मोठे ठरले. ती १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकी नौदलात राहिली आणि १९८९ मध्ये भाडेतत्त्वावर पाकिस्तानी नौदलाकडे गेली. मोआविन या नावाने ती काही वर्षे आपल्याच अरबी समुद्रात वावरत होती. क्रूझर १२-१५ वर्षांत कालबाह्य झाली आणि तिला दुरुस्त करणारी नौका ४५ व्या वर्षीही कुणालातरी हवी होती, ही वस्तुस्थिती दुरुस्तीनौकेवर होणाऱ्या खर्चाचा हिशेब मांडताना विसरू नये.

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा पेट्रोलचा. पहिल्या टॉर्पेडोनंतर जवळपास दोन दिवस ह्यूस्टन ओढली जात होती, आणि तरी पिछाडीच्या साठवणीतील इंधन दुसऱ्या स्फोटात पेटले. निश्चल झालेल्या नौकेला विमान उडवण्याचे प्रयोजनच उरलेले नसते. हे इंधन समुद्रात सोडणे किंवा त्या साठवणीत पाणी भरणे हे नुकसान-नियंत्रणाच्या पहिल्या काही तासांच्या यादीत असायला हवे होते. वीज नसताना आणि निम्म्याहून अधिक खलाशी उतरवलेले असताना ते करणे सोपे नव्हते, हे मान्य. तरी पुढच्या कोणत्याही अशा प्रसंगासाठी हा मुद्दा यादीत वर असायला हवा.

दुसरा मुद्दा माणसे उतरवण्याचा. कणा मोडला असे वाटत असताना शेकडो माणसांना विनाशिकांवर पाठवणे हा कप्तानाचा निर्णय पूर्णपणे योग्य होता. प्रश्न आहे तो कोणाला ठेवायचे याचा. नौका ओढायची ठरली की गरज असते टेकू लावणाऱ्या, पंप चालवणाऱ्या आणि वेल्डिंग करणाऱ्या हातांची. तोफखान्यातली माणसे तुलनेने कमी लागतात. ज्याची त्याची जागा आधीच ठरलेली असेल, म्हणजे जायबंदी अवस्थेसाठी वेगळी पाळीची यादी शांत काळातच केलेली असेल, तर अंधारात ही निवड घाईने करावी लागत नाही.

तिसरा मुद्दा गोदीच्या जागेचा, आणि तो सर्वांत मोठा. ह्यूस्टनला दोन मुक्काम करावे लागले, कारण दुरुस्तीनौका पुढे होती आणि तिला पूरक असलेली मोठी तरंगती गोदी मागे होती. मोठी गोदी उलिथीत असती, तर सात आठवड्यांपैकी बराच वेळ आणि समुद्रावरचा एक धोकादायक प्रवास वाचला असता. पण गोदी पुढे नेली असती, तर कैतेनसारख्या हल्ल्यात तीच बुडण्याची शक्यता होती. दुरुस्तीनौका नांगर उचलून निघून जाऊ शकते, जोडलेली गोदी सुटी करून हलवायला आठवडे लागतात. म्हणून मला वाटते की गोदी मानसलाच ठेवण्याचा निर्णय त्या क्षणी बरोबर होता. वेगळे करता आले असते ते मधल्या आकाराच्या गोद्यांच्या बाबतीत: विनाशिका आणि लहान नौका पुढच्याच तळावर अधिक संख्येने उचलता आल्या असत्या, तर हेक्टरवरचा ताण हलका झाला असता.

त्या ताणाचा हिशेब अजून मांडायचा राहतो. हेक्टर सात आठवडे प्रामुख्याने अशा नौकांमध्ये गुंतली होती, ज्यांतली निदान एक तरी या युद्धात परत लढणार नव्हती. त्याच काळात लेइटेच्या लढाया आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेले कामिकाझे, म्हणजे आत्मघाती विमानांचे, हल्ले यांमुळे जखमी विनाशिका आणि वाहतूक नौका वाढत होत्या. अशा नौका दहा-पंधरा दिवसांच्या कामाने पुन्हा लढाईत जाऊ शकतात. केवळ लढाईची गरज पाहिली, तर आधी त्या, मग क्रूझर असा क्रम लावणे समर्थनीय ठरते. पण ह्यूस्टन बाजूला ठेवता येण्यासारखी नव्हती: उपसा थांबला आणि टेकू सैल झाले, तर ती नांगरवाड्यातच बसली असती, शेकडो जहाजांच्या मधोमध. म्हणून तिला तरंगण्याइतपत स्थिर करणे हे पहिल्या क्रमांकाचे आणि त्यापुढचे बळकटीकरण दुसऱ्या क्रमांकाचे, अशी एकाच नौकेच्या कामाची दोन तुकड्यांत विभागणी करून मधल्या फटीत लहान नौका घेणे हा मार्ग मला सर्वांत हितकर वाटतो. त्यासाठी दुरुस्तीनौकेच्या कामांची यादी नौकांच्या नावाने न करता कामाच्या तुकड्यांनी करावी लागते, आणि ती रोज सकाळी नव्याने लावण्याचा अधिकार त्या नौकेच्या दुरुस्ती-अधिकाऱ्याकडेच असावा लागतो. कोणत्या भिंतीमागचा टेकू आणखी दोन दिवस धरेल हे त्याला आणि त्याच्या पाणबुड्यांनाच माहीत असते.